एक धुणं कमी

ड्रमंडव्हिल,
बुधवार सकाळ

प्रिय फ्लावी,

अत्यंत जड अंतःकरणाने आणि अत्यंत गार उजव्या हाताने हे पत्र लिहीत आहे. गेल्या रविवारी तू माझ्याकडे आलीस, दोन वाट्या वाटाण्याचं सूप प्यायलीस, माझ्या पडद्यांच्या रंगावर टीका केलीस, आणि निघताना दाराजवळच्या टोपलीतून माझा उजवा हातमोजा उचलून स्वतःचा डावा मागे ठेवून गेलीस. दोन्ही काळे, दोन्ही लोकरीचे, हा बचाव मी ऐकून घेणार नाही. माझ्या हातमोज्यात तुझे दोन्ही हात मावतील. परिणामी माझ्याकडे आज दोन डावे हातमोजे आहेत, आणि तीन दिवस मी उजवा हात खिशात घालून दारातला बर्फ उपसतो आहे. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, ‘हाताला लागलं की काय?’ मी म्हटलं, ‘नाही, शिष्येने दक्षिणा घेतली.’ तो म्हणाला, ‘दक्षिणा मास्तरांनी घ्यायची असते ना?’ म्हणजे एवढं शास्त्र बर्फाचं यंत्र दुरुस्त करणाऱ्यालाही कळतं.

तुझा डावा हातमोजा या पाकिटात आहे. पण पाकीट निव्वळ हातमोज्यासाठी नाही, हे तू जाडीवरून ओळखलं असशील. शुक्रवारी तू तुझं शेळ्यांचं पुस्तक गिऱ्हाइकाला पाठवणार आहेस: दूध काढण्याच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद, तुझ्या एकटीच्या नावावरचं पहिलं मोठं काम. माझी एकच विनंती आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो ते पाठवू नकोस. उद्या दुपारी तुला हे मिळेल, असं बस-पार्सलच्या खिडकीवरची बाई म्हणते, आणि त्या बाईने आजवर माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. फोन का केला नाही, असं विचारशील. केला होता. सोमवारी केला आणि पडद्यांबद्दल बोललो. मंगळवारी दोनदा केला. एकदा तुझ्या मांजराची चौकशी केली आणि एकदा, ‘चुकून लागला,’ म्हणालो. फोनवर माझा स्वभाव असा आहे की मुद्दा जवळ आला की मी विनोद करतो आणि मुद्दा शेजारून निघून जातो. कागदावर निदान खोडावं तरी लागतं.

तुला माझी सुरुवात अर्धीच माहीत आहे. विद्यापीठात मी संस्कृत शिकलो, हे तू चारचौघांत सांगून हशा मिळवतेस. वर्गात शेवटच्या वर्षी आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि रेडिएटर, आणि रेडिएटर जास्त बोलायचा. बाहेर पडल्यावर कळलं की या प्रांतात संस्कृतला गिऱ्हाईक नाही, इंग्रजीतून फ्रेंच करणाऱ्याला आहे. मग मी ते करू लागलो, आणि सगळंच करू लागलो. शाम्पूच्या बाटल्या, विम्याची पत्रं, हॉटेलचे मेनू, एकदा एका पाणबुड्यांच्या क्लबची नियमावली. सकाळी केस मऊ करायचे, दुपारी मृतांचे वारसदार शोधायचे. सहा वर्षं असं केलं. कुणालाही विचारलं, ‘ऑरेल बोलदुक कसला अनुवाद करतो?’ तर उत्तर येई, ‘वेळेवर.’ यापलीकडे माझी कीर्ती नव्हती.

मग ऑन्टारिओतल्या कारखान्याचं दूध काढण्याच्या यंत्राचं पहिलं पुस्तक आलं. मी ते शब्दकोश शेजारी ठेवून, मोठ्या शुद्ध भाषेत केलं. छापून गेल्यावर महिन्याभराने फोन आला. पलीकडे एक बाई. नमस्कार नाही, नाव नाही. ‘हे पुस्तक तुम्ही लिहिलंत?’ मी अभिमानाने हो म्हटलं. ‘तुम्ही आयुष्यात कधी गाय पाहिली आहे का, साहेब?’ मी म्हटलं, पाहिली आहे. ‘कुठल्या बाजूने?’ त्या मादाम जर्व्हेझ तुर्कॉत. पन्नास गाई, नवरा वारलेला, आवाज ट्रॅक्टरवरून बोलून बोलून मोठा झालेला. म्हणाल्या, ‘तुमचं वाचून मी यंत्र लावलं असतं तर माझ्या गाईने मला भिंतीत चिणलं असतं. उद्या पहाटे पाचला या. जुने बूट घाला.’

मी गेलो. तीन आठवडे रोज गेलो. सडांना लावायच्या नळकांड्यांना शब्दकोशात एक नाव होतं आणि गोठ्यात दुसरंच. कास दगडासारखी होते तेव्हा काय म्हणतात, गाय धार चोरते म्हणजे काय, यंत्राचा आवाज बिघडला की तो कसा वाजतो, हे सगळं मी बुटात शेण घेऊन कार्डांवर लिहून घेतलं. जर्व्हेझबाई म्हणायच्या, ‘अगं बाई, हा माणूस गाईची मुलाखत घेतो आहे.’ पण दुसरं पुस्तक झाल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला आणि म्हणाल्या, ‘आता ठीक आहे. आता वाटतं की कुणीतरी आत येऊन बोलतंय.’ फ्लावी, मला त्यानंतर दोन बक्षिसं मिळाली, पण प्रशस्तिपत्र ते एकच. तिथून पुढे कारखान्याने सगळी पुस्तकं मलाच दिली, मग दुसऱ्या कारखान्याने, मग तिसऱ्या. अनुवादकांच्या संघाच्या वार्षिक जेवणात माझी ओळख ‘आमचे कासेचे पंडित’ अशी करून देतात. मी उठून वाकतो. पोट त्याच्यावरच भरतं.

हेच मी तुम्हाला अनुवादाच्या संध्याकाळच्या वर्गात सांगायचो आणि तुम्ही सगळे घड्याळाकडे बघायचात. तू एकटी नंतर थांबलीस. तेव्हा तू मॉन्ट्रियलच्या कंपनीत दिवसाला जे समोर येईल ते करत होतीस. योगाच्या चटया, कुत्र्यांची बिस्किटं, कसल्याशा ॲपचे नियम. म्हणालीस, ‘मास्तर, मी म्हणजे कचऱ्याचा डबा झाले आहे. ज्याला जे टाकायचं ते टाकतो.’ मी म्हटलं, ‘एक गोठा निवड आणि त्यात पाय रोवून उभी राहा. वास येईल, पण नाव होईल.’ मला वाटलं होतं, तू औषधं घेशील किंवा कायदा, भल्या मुली घेतात तसं. तू शेळ्या निवडल्यास. एक उन्हाळा चीज करणाऱ्या त्या दोघी बहिणींकडे जाऊन राहिलीस, आणि शेळ्यांनी तुझी शब्दांची कार्डं खाल्ली, तेव्हा रडवेल्या आवाजात फोन केलास. मी म्हटलं, समीक्षक असेच असतात, पुन्हा लिही. तू पुन्हा लिहिलीस. त्या दिवशी मी स्वतःशीच म्हटलं, ही टिकणार.

म्हणून तू नोकरी सोडलीस तेव्हा मी तुला माझी स्मृती दिली. तुझ्या निरोपाच्या जेवणात, केकच्या शेजारी, पेनड्राइव्हला लाल फीत बांधून. तुझ्या आईला कळेना की एवढ्याशा वस्तूला पाहून तू रडतेस का. मी त्यांना सांगितलं ते असं: आम्ही जे वाक्य एकदा अनुवादलं ते यंत्र लक्षात ठेवतं. तेच वाक्य पुन्हा आलं की जुना अनुवाद आपोआप त्या जागी येऊन बसतो, हिरव्या रंगात. हिरव्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून हिरवं कुणी पुन्हा वाचत नाही. या डबीत चाळीस हजार वाक्यं आहेत, माझी सगळी हयात. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आजीच्या लोणच्याच्या पाककृती.’ मी म्हटलं, अगदी तसंच. आमच्या जुन्या सूत्रग्रंथांत एक पद्धत असते, अनुवृत्ती. वर एकदा सांगितलेला शब्द खाली पुन्हा सांगत नाहीत, तो आपणच उतरत उतरत पुढच्या सूत्रांत येतो. मला तिचं फार कौतुक होतं. चुकीचीही अनुवृत्ती होते, हे मला कुणी शिकवलं नाही. वर्गात विचारायला रेडिएटरशिवाय कुणी नव्हतं.

आता मुद्दा. मी विनोद करणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी जर्व्हेझबाईंचा फोन आला. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जुनं यंत्र गेलं, नवीन बसवलं, त्याचं पुस्तक माझंच. म्हणाल्या, ‘ऑरेल, तुझ्या पुस्तकात एक धुणं कमी आहे.’ मला वाटलं, पान गळलं असेल. म्हणाल्या, ‘पान आहे रे. धुणं नाही. साबणाचं पाणी सोडल्यावर तू सरळ ॲसिड ओतायला सांगतोस. मधलं साधं पाणी कुठे आहे?’ मी कारखान्याचं इंग्रजी काढून पाहिलं. तिथे ते आहे. दुधाची टाकी हाताने धुण्याच्या प्रकरणात, क्लोरीनच्या साबणानंतर आणि ॲसिडच्या आधी: टाकी साध्या पाण्याने पूर्ण धुवा. माझ्या फ्रेंचमध्ये नाही. साबण आणि ॲसिड एकत्र आले की विषारी वायू सुटतो, हे तुला सांगायला नको. तू शेळीवाल्या बहिणींच्या टाकीघरातली पाटी वाचली आहेस.

मी मागे मागे गेलो. नव्या पुस्तकात नाही, त्याआधीच्यात नाही, त्याच्याही आधीच्यात नाही. चौदा पुस्तकं, अकरा वर्षं. शेवटी मूळ सापडलं. त्या वर्षी कारखान्याने धुण्याचं प्रकरण नव्याने लिहिलं होतं, आणि इंग्रजीत ते वाक्य दोनदा होतं: एकदा साबणाच्या आधी, एकदा साबणाच्या नंतर, शब्दाला शब्द तेच. आणि मला आठवलं. फ्लावी, विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण मला स्पष्ट आठवलं. मी ते वाचून हसलो होतो. इंग्रजीला पाल्हाळाची खोड आहे, आपली भाषा ते सोसत नाही, असं स्वतःशी म्हणून मी दुसरं वाक्य शेजारच्या वाक्यात मिसळून टाकलं आणि गाळलं. ज्या व्याकरणविद्येत सूत्रातली अर्धी मात्रा वाचवली तरी घरी मूल जन्मल्याचा आनंद मानतात, त्या विद्येत मी वाढलो. मी एक अख्खं वाक्य वाचवलं होतं. त्या दिवशी मी खूश होतो. कारखान्याच्या माणसानेही कळवलं होतं की धुण्याचं प्रकरण फार सुटसुटीत झालं आहे. मग ते स्मृतीत गेलं, हिरवं झालं, आणि त्यानंतर ते कुणीच वाचलं नाही. मीही नाही.

त्याच संध्याकाळी जर्व्हेझबाईंना उलट फोन करून मी म्हटलं, ‘तुम्ही अकरा वर्षं बोलला का नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘मी पुस्तक वाचून कधी धुतलंय? मला आईने शिकवलं. या वेळी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, घरी बसून होते, म्हणून वाचलं.’ मग म्हणाल्या, ‘पण आता बाहेरून कामाला माणसं येतात ना, ती बिचारी भिंतीवर लावलेलं पुस्तकातलं पान वाचूनच धुतात.’

हे मला तीन आठवडे माहीत आहे. रविवारी तू माझ्या टेबलाशी बसून ब्रेड मोडता मोडता म्हणालीस, ‘मास्तर, तुमच्या कृपेने धुण्याचं अख्खं प्रकरण हिरवं आलं. एक दिवस वाचला, मी झोप काढली.’ तेव्हाही मला माहीत होतं. मी उठून तुला आणखी सूप वाढलं. तू म्हणालीस, ‘असे काय बघताय? मीठ जास्त पडलं का?’ मी म्हटलं, बेताचं आहे. मग मी पडद्यांचा विषय काढला. टीका तू केलीस, पण विषय मी काढला होता. तू हातमोजा चुकीचा घेतलास तो घाईमुळे, आणि घाई मी केली होती. बसची वेळ झाली म्हणून तुला उठवलं. बसला चाळीस मिनिटं होती.

त्यामुळे हातमोज्याबद्दलची तक्रार मागे घेतो. तू आता असं कर. धुण्याचं प्रकरण उघड, सातवा आणि आठवा परिच्छेद इंग्रजीशी लावून बघ, आणि ते वाक्य घाल. मग प्रकरणातलं सगळं हिरवं एकदा मोठ्याने वाच. शुक्रवार चुकला तर चुकू दे. गिऱ्हाइकाला कळव की जुन्या सामग्रीत दोष सापडला, आणि तो कुणाचा हे विचारलं तर माझं नाव सांग. संकोच करू नकोस. हा धंदा नावावर चालतो, असं मीच तुला शिकवलं. नाव चुकीलाही लावावं लागतं, तेवढं शिकवायचं राहिलं होतं. याआधी तू माझ्या डबीतून केलेली तीन छोटी कामंही बघ. त्यात टाकी नव्हती असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याचा भाव सध्या उतरलेला आहे.

कारखान्याला मी आज सकाळी नऊ वाजता कळवलं. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. चौदाही पुस्तकांची नावं, पानांचे आकडे, आणि प्रत्येक गोठ्यात आजच सूचना पाठवा, अशी विनंती. अर्ध्या तासाने तिथल्या बाईंचा फोन आला. फार सौजन्याने बोलल्या, आणि एवढं सौजन्य त्यांनी पूर्वी कधी दाखवलं नव्हतं, त्यावरून पुढची पुस्तकं माझ्याकडे येणार नाहीत असा मी अंदाज बांधला आहे. सूचना मात्र संध्याकाळपर्यंत निघेल म्हणाल्या. काम जाईल, याची काळजी मला आहे. पण ती काळजी जेवू देते, झोपू देते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा शाम्पूच्या बाटल्यांकडे जायला मी तयार आहे. केस उरले नाहीत, पण अनुभव आहे.

दुसरी गोष्ट झोपू देत नाही. जर्व्हेझबाईंनी त्या संध्याकाळच्या फोनवर, ठेवता ठेवता, सहज सांगितलं की दोन हिवाळ्यांपूर्वी नदीपलीकडच्या एका गोठ्यात कामाला आलेला माणूस टाकी धुताना पडला. छातीत वायू गेला. महिनाभर इस्पितळात होता. जगला, पण आता जिना चढताना मध्ये बसतो, म्हणाल्या. तिथे यंत्र कुठल्या कारखान्याचं आहे, हे त्यांना नक्की माहीत असणार. त्या भागातल्या प्रत्येक गोठ्यात काय आहे ते त्यांना माहीत असतं. मला एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, ‘बरं, डोळ्यांची काळजी घ्या,’ आणि फोन ठेवला. तेव्हापासून तीन आठवड्यांत मी सहा वेळा त्यांचा नंबर अर्धा लावला आहे. यंत्र दुसऱ्या कारखान्याचं असेलही. त्याने पुस्तक वाचलं नसेलही. मी बसून सगळ्या शक्यता मांडतो, आम्हाला तसंच शिकवलं आहे, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. उत्तर त्यातून येत नाही, ते फक्त फोन केल्यावर येईल.

शनिवारी येशील का? माझा उजवा हातमोजा आण. सूप असेल. मला काही समजावू नकोस, आणि ‘तुमची चूक नाही’ असंही म्हणू नकोस, कारण तुझा माझ्यावर जीव आहे आणि मी ते खरं मानून बसेन. मी जर्व्हेझबाईंना फोन लावीन तेव्हा त्याच खोलीत बसून राहा, म्हणजे मला पडद्यांबद्दल बोलता येणार नाही. त्या माणसाच्या टाकीघराच्या भिंतीवर कुणाचं पान लावलेलं होतं, ते मला माहीत नाही. ते माझं असेल, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
ऑरेल